दोन जिवांची, अर्धं तिकीट

पोटात बाळ आहे ही बातमी पहिले तीन महिने बाहेर फोडायची नाही, असा रिवाज आहे. उत्रोलीतही तो पाळतात. म्हणजे माहीत सगळ्यांना असतं आणि जो तो दुसऱ्याला "कुणाला बोलू नगंस" म्हणून बजावत असतो. मी एका सकाळी मागच्या मोरीत जाऊन ओकले. मोरीच्या पलीकडं चुलत सासूबाईंचं परसू. दुपारी आमचे हे साबण आणायला दुकानात गेले, तर दुकानदारानं साबणाबरोबर आवळासुपारीची पुडी न मागता बांधून दिली. पैसेही घेतले नाहीत.

मळमळ सकाळीच होते असं ज्यानं कुणी लिहून ठेवलंय, त्याला एकदा संध्याकाळच्या स्वारगेट-भोर एसटीत बसवायला पाहिजे. मी तेव्हा पुण्याला नोकरीसाठी जाऊन-येऊन होते. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे दोन जिवांची असूनही मी अर्ध्या पैशात प्रवास करायची. एकदा कंडक्टरला हे गमतीनं बोलून दाखवलं. तो पंचिंग थांबवून म्हणाला, "ताई, आतल्याला पाच वर्षं फुकटच हाय. तुम्ही सुट्टे काढा."

जागेचा न्याय मात्र उलटा. पहिल्या तीन महिन्यांत उभं राहिलं की डोळ्यांपुढं काजवे चमकतात, पण पोट दिसत नसतं, म्हणून कुणी उठत नाही. पाचव्या-सहाव्यात अंगात जरा तरतरी येते, खिडकीतून वारं खात उभं राहावंसं वाटतं, तेव्हा अर्धी गाडी उठून उभी राहते. आणि बसलं नाही तर रागावते. रिकाम्या पोटी गाडीत चढू नये, पर्समध्ये फुटाणे आणि मीठ लावलेला आल्याचा तुकडा ठेवावा, हुंगायला लिंबू ठेवावं, हे सगळं मला लोकांनी सांगितलं. जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी हे कुणी सांगितलं नव्हतं. ते कापूरहोळ फाट्याच्या वळणावर समजलं.

आशाताईनं नाव नोंदवलं, माता-बाल संरक्षण कार्ड हातात दिलं आणि कागदांची यादी सांगितली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 रुपये मिळतात. नोंदणी आणि तपासणी झाली की 3000, आणि बाळाचा जन्म नोंदवून पहिल्या लसी झाल्या की 2000. माझं आडनाव आधारवर माहेरचं आणि पासबुकावर सासरचं. ह्या दोघी म्हणजे एकच बाई, हे संगणकाला पटवण्यासाठी जेवढं चालणं झालं, तेवढ्यानं माझं वजन शेवटपर्यंत आटोक्यात राहिलं.

पण गरोदरपणातली खरी लढाई ह्यातली कुठलीच नाही. ती आहे चहाशी.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी घ्यायची असते, लोहाची आणि फॉलिक ॲसिडची. 180 दिवस बाळंतपणाआधी, 180 दिवस नंतर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, त्यामुळे हिच्यापासून सुटका नाही. गोळीनं तोंडाला गंजक्या खिळ्याची चव येते, पोट धरतं, आणि मग ज्या विषयावर आजवर नवऱ्याशीही बोलले नव्हते त्याची चौकशी सासऱ्यांचे मित्र ओट्यावरून करतात. तेही सोसता येतं. अडचण एवढीच, की चहाबरोबर घेतलं तर हे लोह अंगी लागत नाही. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. शिवाय कॅल्शियमच्या दोन गोळ्या असतात, त्या जेवणाबरोबर घ्यायच्या, आणि त्यांच्यात नि लाल गोळीत दोन तासांचं अंतर ठेवायचं.

आता उत्रोलीत दिवसातला असा एखादा तास शोधून दाखवा, की ज्याच्या आगेमागे चहा नाही. सकाळी उठल्यावर चहा. डेअरीला दूध घालून मामंजी आले की चहा. दहाला कुणीतरी येतं, त्याच्यासोबत घरच्यांचा. चारचा तर असतोच. गौरी-गणपतीत मी हळदीकुंकवाला गेले त्या प्रत्येक घरी "नको" म्हटलं आणि प्रत्येक घरी "घोटभर" आला. उत्रोलीतला घोट म्हणजे काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. मी डॉक्टरांचं नाव सांगून पाहिलं. एक काकू म्हणाल्या, "डागदर पुण्याचं असत्याल. तिथला चहा पावडरीचा. ह्यो आपल्या म्हशीच्या दुधाचा हाय." चहा नाकारणारी सून माहेरी काहीतरी बिनसल्यासारखी दिसते. दोन घरांमधून तशी विचारपूस आत्यांपर्यंत, म्हणजे माझ्या सासूबाईंपर्यंत, पोचलीसुद्धा.

शेवटी सगळं गाव झोपल्यावर, लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची असं ठरवलं. लिंबानं लोह चांगलं मुरतं. पहिल्याच रात्री गोळी जिभेवर ठेवली आणि आत्या दारात उभ्या. हातात पेलाभर हळदीचं दूध. दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतंच. म्हणून दुधासाठी पुन्हा वेगळी वेळ. माझ्या खोलीतल्या भिंतीवर जे वेळापत्रक लागलं, ते आमच्या ह्यांच्या शिरवळच्या कंपनीतल्या शिफ्टच्या तक्त्यापेक्षा गुंतागुंतीचं होतं. ते बघून हे एवढंच म्हणाले, "ह्यात सुट्टी कधी असते?"

ह्या वेळापत्रकाची मुकादम म्हणजे आजेसासूबाई. हे मला अनपेक्षित होतं, कारण आजींचा एरवीचा सूर वेगळा. हा भाग भाताचा, इंद्रायणी, आंबेमोहोर. जुलैत लावणी लागली की बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांची एक वेगळीच स्पर्धा सुरू होते. एकीनं नवव्या महिन्यात गुडघाभर चिखलात आवण्या लावलेल्या असतात. दुसरीला सकाळी कळा आलेल्या असतात आणि संध्याकाळी ती भाकरी थापत असते. तिसरीनं नाळ खुरप्यानं कापलेली असते. ह्याच्या पुढं कुणी जात नाही. मी छत्री घेऊन नुसती उभी, त्यामुळे माझ्याकडं बघून सगळ्या मिळून सुस्कारा टाकायच्या. पण रात्री आजी माझ्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बोटानं चाचपायच्या आणि रिकामी घरं मोजायच्या. एकदा मी म्हटलं, तुमच्या वेळी तर हे काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "नव्हतं म्हून तर माझी जाऊ गेली. रगत थांबलंच न्हाई." मग पट्टी मला परत देऊन म्हणाल्या, "सोमवारची ऱ्हायलीय."

सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 7 तारखेला खग्रास चंद्रग्रहण लागलं. रात्री दहाच्या सुमाराला सुरुवात, दीडच्या सुमाराला मोक्ष. ह्याची तयारी गणपती बसायच्या आधीपासून चालू होती. गरोदर बाईनं ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचं नाही, गाठ मारायची नाही, झोपायचं नाही, बाहेर तर डोकावायचंच नाही. चिरलं तर बाळाचा ओठ चिरतो. ओठ का दुभंगतो ह्याची कारणं आनुवंशिकतेत, औषधांत, तंबाखूत शोधावी लागतात, चंद्रावर नाहीत, हे मला पाठ होतं. पण रात्री दहा वाजता मी काय चिरणार होते? म्हणून वाद घातला नाही. पंचांगात गर्भवतीला वेधातून सवलत असते, तेवढी मागून घेतली आणि संध्याकाळी पोटभर जेवले.

मला चटईवर भिंतीला टेकवून बसवलं. खिडकीला घोंगडी. पाण्याच्या तांब्यावर तुळशीचं पान. अकराच्या आत बाळानं लाथ मारली, ती बरोब्बर मूत्राशयावर. सहाव्या महिन्यातल्या बाईला साडेतीन तास एका जागी बसवण्याची कल्पना ज्या शास्त्रकारानं काढली, तो नक्कीच कुणाच्या पोटात नसलेला आणि कुणाला पोटात न बाळगलेला असा कुणीतरी असणार. साडेअकराला मी उठले. आत्या म्हणाल्या, "बस." मी म्हटलं, बसवत नाही. मोरी अंगणाच्या पलीकडं. म्हणजे चंद्र लागणार. घरात मसलत झाली. अखेर मला डोक्यावरून घोंगडी घालून, पुढं आत्या, मागं हे बॅटरी घेऊन, अशी मिरवणूक अंगण ओलांडून गेली. बाकी सगळी वाडी गच्चीवर चढून लालभडक चंद्र बघत होती. ती आमच्याकडं बघायला लागली. तासाभरानं हीच मिरवणूक पुन्हा निघाली. तिसऱ्या वेळी हे झोपले होते आणि आत्या म्हणाल्या, "जा गं, आता सुटतच आलंय."

डोहाळ्यांबद्दल माझ्या फार अपेक्षा होत्या. रात्री-अपरात्री काहीतरी दुर्मिळ खावंसं वाटेल आणि हे भोर पालथं घालतील, असं चित्र होतं. प्रत्यक्षात मला लागले ते पाटीवरच्या पेन्सिलीचे. ती कुरकुरीत मोडते तो आवाज, तो पहिल्या पावसाचा वास. आशाताईनं सांगितलं, रक्त कमी असलं की माती, राख, पेन्सिल असलं खावंसं वाटतं; पेन्सिल टाक, गूळ-शेंगदाणे खा आणि गोळी चुकवू नको. पुन्हा गोळी! कालिदासाच्या 'रघुवंशा'त राणी सुदक्षिणेलाही माती खायचे डोहाळे आहेत, आणि दिलीप राजा तिच्या तोंडाचा मातकट वास मोठ्या कौतुकानं घेतो. त्याला आशाताई भेटली नाही. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त तर सीतेला अरण्य बघायचे डोहाळे होतात आणि रथ जुंपून तिला खरंच अरण्यात नेऊन सोडतात. हे मी आमच्या ह्यांना सांगून ठेवलं, आणि तेव्हापासून "कुठं फिरायला जाऊया का" असं त्यांनी विचारलं की आधी परतीचं विचारायची.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. 2016 पासून ही मोहीम देशभर चालते. साखर तपासायला 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. त्या दोन तासांत बाकावर जेवढं ज्ञान मिळतं, तेवढं कार्डावर छापलेलं नाही. समोर पाटी असते, गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. कायदा 1994 चा. पाटीच्या बरोबर खाली बसून एक मावशी सगळ्यांचं निदान करत होत्या. पोट टोकदार, मुलगा. चेहरा उतरला, मुलगी. उंबऱ्यावर उजवा पाय आधी, मुलगा. मला म्हणाल्या, "तुझं काय कळंना बया." ह्या मावशींचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतो, कुणाचाही येतो, पण बरोबर आलेल्याचे पेढे त्यांना पोचतात आणि चुकलेलं कुणी कळवायला जात नाही.

डोहाळजेवणालाही तेच. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, थर्मोकोलचा चंद्र, हातात धनुष्यबाण. ओटी भरून झाल्यावर दोन झाकलेल्या वाट्या पुढं आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा म्हणजे मुलगा. पाच बायका डोळे वटारून माझ्या हाताकडं बघत होत्या. मी दोन्ही वाट्या उघडल्या आणि दोन्ही खाल्लं. क्षणभर शांतता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, जुळं!"

ही बातमी दुकानदारापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते सांगत नाही. सोनोग्राफीत एकच बाळ आहे हे सांगून सांगून आत्यांचा घसा बसला.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझं माहेर धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट आठवड्यातले काही दिवस संपावर. म्हणून इथंच करायचं ठरलं. पिशवी भरून दाराशी ठेवली. कार्ड, आधार, झेरॉक्सा, आणि आजींच्या जुन्या लुगड्याचे धुऊन वाळवलेले तुकडे. त्याहून मऊ कापड बाजारात मिळत नाही. 102 आणि 108 हे दोन्ही नंबर ह्यांनी मोबाइलमध्ये, भिंतीवर आणि खबरदारी म्हणून आजींच्या पानाच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवले.

नववा सरत आला आणि एका रात्री कळा सुरू झाल्या. सगळी आळी जागी. कुणी गाडी काढली, कुणी नारळ फोडला, चुलत सासूबाई तर रडायलाच लागल्या. मी ओट्यावर उभी राहून पिशवीत काय काय आहे ते ह्यांना सांगत होते, पुढच्या आठवड्यात गॅसचा नंबर लावायचा आहे तेही सांगत होते. आजी अंथरुणातून उठल्याच नाहीत. आतूनच म्हणाल्या, "एवढं बोलतीय म्हंजी येळ हाय अजून." तरी गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासून परत पाठवलं. खऱ्या कळा ठरावीक अंतरानं येतात, अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. चाललं-फिरलं, कूस बदलली की विरतात त्या खोट्या. पहाटे परत आलो तर आजी चूल पेटवून बसल्या होत्या. कुणाला काही विचारलं नाही त्यांनी.

त्यानंतर चार दिवसांनी, भल्या सकाळी, मी तांदूळ निवडत बसले होते. हे मोबाइल बघत होते. म्हणाले, डबा भर. मग म्हणाले, अगं, डबा. मग, "ऐकतेस ना?" मी सूप खाली ठेवलं आणि खांबाला धरून उभी राहिले. आत्या म्हणाल्या, परत तसलंच असंल, सरबत करते. आजींनी ओट्यावरून एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

"गप झालीय," त्या म्हणाल्या. "गाडी काढा."