बॅकअप आहे न?

काकाजींच्या घरी लोणच्याच्या बरणीवर ६४१.४ असा आकडा चिकटवलेला आहे. ड्यूईच्या वर्गीकरणात अन्न टिकवण्याच्या विषयाचा तो क्रमांक. काकू मात्र बरणी वासावरूनच ओळखतात. किराणाही पाच बाय तीनच्या कॅटलॉग-कार्डांवर लिहिलेला. त्यातलं एक कार्ड म्हणतं, 'साखर – पाहा : मधुमेह'.

कॉलेजातली ग्रंथपाली संपवून काकाजी पवनारला राहायला आले, पण ग्रंथालय काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. मी मोबाइलवर नव्या भाचीचा फोटो दाखवला, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "छान आहे. बॅकअप आहे न?" भाचीचा की फोटोचा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. विनोबांची गीता-प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हा काकाजींच्या लेखी महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा बॅकअप.

दुखणं वेगळंच आहे. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतं. सव्वापाच इंची फ्लॉप्या! युनेस्कोनं फुकट दिलेल्या आयसिस या सॉफ्टवेअरवर त्यांनी १९९२ मध्ये रात्री जागून मराठी पुस्तकांची यादी भरली होती. पुढे ते मशीन भंगारात गेलं. आता वाचायला ड्राइव्ह पाहिजे. ड्राइव्ह मिळाला तर डॉस पाहिजे. डॉस चाललं तर आयसिस. आणि पडद्यावर मराठी उमटायला पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड. शेपटीला शेपूट. तरी डब्यावर दर दिवाळीला नवं लेबल लागतं.

सदऱ्याच्या खिशात मायक्रोफिश असते, पोस्टकार्डाएवढी फिल्म, तिच्यावर ९८ पानं. पाहुणा आला की ती उन्हात धरतात. "हे पाय, मशीन नाही, लाइट नाही. भिंग असलं की झालं!" माझ्याकडे भिंग कधीच नसतं. वरच्या पट्टीवरचं शीर्षक तेवढं वाचून मी मान डोलावतो.

संध्याकाळी धाम नदीच्या काठी फिरायला गेलो की मिराशी निघणारच. वाकाटकांचं प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. इथून सुटलेल्या दानाचे ताम्रपट पाचव्या शतकातले. अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेट्या. काकाजी थांबतात, काठी वाळूत रोवतात. "पंधराशे वर्षं जमिनीत राहिला, बाहेर काढला, पुसला, वाचला. अन् माही १९९२ ची फ्लॉपी? काहून नाही वाचता येत, सांग न!" मी काय सांगणार? त्या दिवशी माझा स्वतःचा ईमेलचा पासवर्ड मला आठवत नव्हता.

तर वाचकहो, कोणाकडे सव्वापाच इंचीचा चालता ड्राइव्ह माळ्यावर पडला असेल, तर पवनारला घेऊन या. चहा मिळेल, बिनसाखरेचा. फक्त येण्याआधी फोन करू नका, पोस्टकार्ड टाका. ते जपून ठेवतात.