सांडलेला चहा टिपण्याची शास्त्रोक्त पद्धत

टेबलावर चहा सांडला की मराठी घरात प्रथम ‘पुसणे’ ही क्रिया घडते, आणि हे क्रियापद दुहेरी असल्याने पुढील कार्यास हमखास विलंब होतो. विचारणे या अर्थाचे ‘पुसणे’ संस्कृत ‘पृच्छति’पासून आले, तर फडक्याने साफ करणे या अर्थाचे ‘प्रोञ्छति’पासून, कुळे वेगळी असूनही प्राकृतातून मराठीत येईपर्यंत दोघांचे रूप एक झाले. रूढीनुसार पहिले पुसणे (‘कोणी सांडला?’) आधी उरकले जाते आणि आरोपी निश्चित होईपर्यंत चहा विजेच्या बिलाखालून पलीकडच्या कडेला पोहोचतो. सुज्ञ गृहस्थाने हा क्रम उलटा करावा.

खरे तर आरंभी पुसूच नये, टिपावे. पाखरू दाणा टिपते आणि नेमबाज सावज टिपतो, तेव्हा भोवतालचे न विसकटता नेमके हवे तेच साधले जाते. त्याच न्यायाने फडके चहावर सपाट टेकवावे, तळहाताने दाबावे आणि सरळ वर उचलावे. ते आडवे फिरवणारा चहाचे क्षेत्रफळ तेवढे वाढवतो.

फडके जुन्या सुती लुगड्याचे असावे, कारण कोऱ्या कापडावर खळ असते व ते चहा नुसता पुढे ढकलते, तर धुऊन धुऊन विटलेल्या सुताचे तंतू मोकळे झालेले असतात. अशा फडक्याचा कोपरा चहात टेकवल्यास तपकिरी ओल धाग्याधाग्याने वर चढताना दिसते. बारीक पोकळीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या या गुणास केशाकर्षण म्हणतात. शाई टिपणारा टीपकागदही याच गुणावर चालतो, कारण लिहिण्याच्या कागदाला शाई फुटू नये म्हणून देतात ती खळ त्याला दिलेली नसते.

या क्रियेस ‘शोषण’ म्हणण्यास व्याकरणाची हरकत नाही. ‘शुष्’ म्हणजे वाळणे; ‘शुष्क’ व त्यावरून आलेला ‘सुका’ हे त्याच घराण्यातले, म्हणजे शोषणे हे मुळात वाळवणेच होय. तथापि ‘फडक्याने चहाचे शोषण केले’ असे वाक्य कामगार पुढाऱ्यासमक्ष उच्चारू नये.

चहातील साखर मात्र कोणतेही फडके पुरती टिपत नाही. चिकट डाग शेवटी ओल्या फडक्याने पुसावाच लागतो, अन्यथा मुंग्या येतात.