चिमटा वाकला, बंपर दुखावला

शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्याला रो-रो बोट लागते, तोंड उघडते आणि मुंबईच्या गाड्या एकामागून एक अलिबाग तालुक्यात ओतते. २०२० च्या मार्चमध्ये ही सोय झाली. त्याआधी याच गाड्यांना वडखळ नाक्यावर तासन्‌तास उभं राहावं लागे आणि अलिबागेत शिरेपर्यंत त्यांच्या अंगी थोडी नम्रता आलेली असे. आता भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात माणूस इथे उतरतो आणि बोटीत वाचवलेला वेळ चोंढी ते किहीमच्या दरम्यान आणखी वाचवू पाहतो. नेमका त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, कॅरिअरला पावाची पेटी बांधून पाववाला निघालेला असतो.

धडक म्हणावी इतकी काही ती मोठी नसते. गाडीचा आरसा हँडलला लागतो, पाववाला वाडीच्या कुंपणाकडे कलंडतो, पाव गटारात जातात. पुढचा चिमटा वाकतो, रिम आउट होते, चार-दोन तारा तुटतात. गुडघा फुटतो, पण गुडघ्याला आमच्याकडे कुणी अपघात म्हणत नाही. गाडीची काच खाली येते. साहेब आधी विचारतात, ‘काका, बघून चालवता येत नाही का?’ मग खाली उतरतात आणि बंपरवरून हळुवार बोट फिरवतात. जिथे ओरखडा सापडतो तिथे त्यांच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते, ती काकांच्या गुडघ्याच्या वाट्याला कधी आली नाही.

‘चुकलं माझं’ एवढं तरी साहेबांनी म्हणावं, अशी भाबडी अपेक्षा जमलेल्या मंडळींपैकी कुणी तरी व्यक्त करतो. त्याने मोटार विम्याची पॉलिसी वाचलेली नसते. कंपनीच्या लेखी संमतीवाचून चूक कबूल करू नये, काही देऊ करू नये, कसलंही वचन देऊ नये, अशी अट तिच्यात छापलेली आहे. माणुसकी दाखवायची तर आधी लेखी परवानगी काढायची. एरवी पॉलिसीचं एक पानही न उलटणारे लोक ही एक अट मात्र जन्मजात पाळतात.

पण त्याच पॉलिसीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची कुंपणाजवळ कुणालाच वार्ता नसते. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. सायकल ही मालमत्ताच. म्हणजे पुढच्या चिमट्यामागे, रिममागे आणि गटारातल्या पावामागे साडेसात लाख रुपये हात जोडून उभे आहेत! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ही सक्तीची रक्कम अवघी ६,००० ठेवली होती, आणि आजही प्रीमियममध्ये थोडी सूट मिळवण्यासाठी तेवढ्यावर उतरायची मुभा पॉलिसीत असते. पंचवीस लाखांच्या गाडीतला माणूस ही सूट घेणार नाही असं म्हणवत नाही. तीच माणसं नागावला नारळपाण्याचे दहा रुपये कमी करून घेतात.

आता हे साडेसात लाख काकांपर्यंत पोचायचे कसे? सोपं आहे. गाडीवाल्याने चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. कायद्याचं १३४वं कलम तसं सांगतं. तोवर गाडीवाला काशिदच्या वाळूत असतो, म्हणून पोलीस ठाण्यात काकाच जातात. मग पंचनामा, मग अलिबागला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज. नुकसान २,००० रुपयांच्या वर असेल तर हवं तर दिवाणी न्यायालयातही जावं, अशी निवडीची चैनही कायद्याने दिली आहे. मुरूडचा माणूस असेल तर प्रत्येक तारखेला पन्नासेक किलोमीटर. सायकल मोडलेली, तेव्हा एसटीने. पाव कोण विकणार, हा प्रश्न न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही.

वकील म्हणतो, सायकलचं मूळ बिल आणा. सायकल अ‍ॅटलस, वडिलांच्या वेळची. बिल तर नाहीच, कारखानाही उरला नाही: अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस होता जागतिक सायकल दिन. उपहास लिहिणाऱ्यासाठी काही शिल्लक ठेवू नये असं कधी कधी वास्तवालाच वाटतं. बिलाशिवाय मग आजची बाजारभावाची किंमत, म्हणजे भंगारवाला सांगेल ती.

इकडे गाडीचा संसार वेगळा. ओरखडा पडला की सोमवारी गॅरेज, कॅशलेस, सर्व्हेयर फोटो काढून जातो. प्लॅस्टिकचा बंपर म्हणून निम्मी घट धरायची. पण साहेबांनी ‘झिरो डेप’ घेतलेलं असतं, म्हणजे बंपर चिरतरुण. त्यांना काळजी एकच, आपण क्लेम घेतला तर नो क्लेम बोनस जाईल. काकांची भरपाई कंपनीने दिली तर हा बोनस जात नाही, तो स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला हात घातला की जातो. पण कुंपणाजवळ साहेब नेमकं उलटं सांगतात: ‘काका, तुमच्यासाठी मी बोनस कसा घालवू?’ काकांनाही ते पटतं. कुणाचा बोनस जावा असं त्यांना वाटत नाही. त्यांना स्वतःला कधी मिळालेला नाही.

याच बोटीने दुसरीही एक सायकल येते. कार्बनची, दोन-अडीच लाखांची, हेल्मेटवर कॅमेरा बसवलेला. तिला धक्का लागला की तोच साहेब लगबगीने उतरतो, इंग्रजीत ‘सॉरी’ म्हणतो, पॉलिसीची अट विसरतो आणि नंबर देतो. कायदा दोन्ही सायकलींना एकच आहे, हे आपण अभिमानाने सांगू शकतो.

नेदरलँड्समध्ये म्हणे रस्ते वाहतूक कायद्याचं १८५वं कलम मोटारवाल्यालाच जबाबदार धरून सुरुवात करतं. मोठ्या सायकलस्वाराची चूक असली तरी साधारण निम्मी भरपाई ठरलेली. मूल चौदाच्या आतलं असेल तर बहुधा पूर्ण. हे आमच्याकडे आणलं तर वीकएंडला अलिबागेत कोण येणार, असं रिसॉर्टवाले विचारतील, आणि त्यांचं खरं आहे.

तेव्हा पुढे जे होतं ते होतं. मागे हॉर्न वाजू लागतात, कुणी तरी ‘मिटवा ना आता’ म्हणतं, पाचशेची नोट निघते. सायकलवाला चिमटा तापवून सरळ करतो, रिमचा आउट काढतो, तारा घालतो आणि आठशे मागतो. पावाचे वेगळे.

सोमवारी साहेब क्लेमचा फॉर्म भरतात. समोरच्या वाहनाचा क्रमांक: नाही. पूर्वी नगरपालिका सायकलींना पितळी बिल्ला देत, आता तेही नाही. अपघात कसा झाला: ‘आमचे वाहन रस्त्याच्या कडेला उभे असताना अज्ञात सायकलने भरधाव येऊन धडक दिली.’ तिऱ्हाइताचे नुकसान: निरंक.