एफ १० कुणाच्या मालकीची?

नॉर्टन कमांडर या फाइल मॅनेजरने १९८६ पासून डॉसवाल्यांच्या बोटांना वळण लावलं: एफ ५ म्हणजे कॉपी, एफ ८ म्हणजे डिलीट, एफ १० म्हणजे बाहेर. १९९४ च्या मिडनाइट कमांडरने तोच वारसा पुढे चालवला. आता लिनक्सवरच्या जीनोम टर्मिनलमध्ये तो उघडा आणि एफ १० दाबून बाहेर पडून दाखवा! टर्मिनल ती की मधल्यामध्ये पळवतं आणि स्वतःचा मेन्यू उघडून बसतं; साहेबांच्या नावचा अर्ज शिपायानेच फोडावा, तसं. काही लॅपटॉपांवर तर त्याहून वरचा अधिकारी बसलेला असतो. एफ ५ दाबली की फाइल जागच्या जागी, स्क्रीनचा उजेड मात्र वाढतो. (फाइल नीट दिसावी, हा हेतू असणार.)

टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये एफ १० च्या मेन्यूपुढची टिक काढता येते. तेही नको असेल तर एस्केप दाबून सोडा, मग शून्य दाबा. मिडनाइट कमांडर त्याला एफ १० च समजतो. एस्केप-पाच कॉपी, एस्केप-आठ डिलीट. हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, म्हणजे गुप्तच राहिलं. आठ दाबताना तेवढं खिडकीत काय निवडलंय ते बघा.