मोटार विजेची, मुहूर्त मंत्रालयाचा

विजेवरची मोटार घ्यायची ठरली की पालघर-बोईसर पट्ट्यातला नवशिका माणूस थेट शोरूम गाठतो. इथेच तो चुकतो. आधी थांबायला शिकावं. पैसे टाकले की गाडी कोणालाही मिळते. सवलत मात्र योग्य वेळेपर्यंत थांबणाऱ्यालाच मिळते, अशी थांबणाऱ्यांची तरी श्रद्धा असते. तारापूर एमआयडीसीत आणि टॅप्सच्या, म्हणजे तिथल्या अणुवीज केंद्राच्या, कॉलनीत तीन-तीन वर्षांची कोटेशनं प्लास्टिकच्या फोल्डरात जपणारी मंडळी आहेत. त्यांच्या तपश्चर्येतून तयार झालेलं हे शास्त्र आहे.

साहित्य फार लागत नाही. भिंतीवर एक कालनिर्णय आणि शेजारी सरकारी तारखांची एक वही, एवढं पुरे. दोन्ही एकत्र वाचायला शिकलात की निम्मं काम झालं.

सरावासाठी जुनं उदाहरण घेऊ. जुलै २०२१ मध्ये राज्याने इलेक्ट्रिक वाहन धोरण आणलं. बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला ५,००० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, तेही पहिल्या १०,००० मोटारींना. शिवाय लवकर घेणाऱ्याला वर एक लाखापर्यंत. लवकर म्हणजे ३१ डिसेंबर २०२१ च्या आत. जे धावत सुटले ते कच्चे गडी. मुरलेला माणूस म्हणाला, ‘मुदत वाढणार, लिहून घ्या.’ वाढली, ३१ मार्च २०२२ पर्यंत! अंदाज खरा ठरल्याच्या आनंदात तो म्हणाला, ‘आता घाई कशाला, पाडव्यालाच घेऊ.’ त्या साली पाडवा २ एप्रिलला होता.

यातून तो खचला असं समजू नका. त्याचं लक्ष तेव्हाच दिल्लीकडे वळलं होतं. ‘फेम’ योजनेचं अनुदान मिळणार, असं त्याला लोकलमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. फेम-२ मध्ये चारचाकीला अनुदान होतं, पण ते टॅक्सीसारख्या व्यावसायिक गाड्यांना. घरच्या मोटारीला नव्हतंच. हे कळल्यावर तो फेम-३ साठी थांबला. फेम-३ च्या जागी १ ऑक्टोबर २०२४ ला पीएम ई-ड्राइव्ह आली. दुचाकी, तिचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका सगळ्यांची सोय झाली. घरची मोटार पुन्हा यादीबाहेर. दरम्यान कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची वजावट देणाऱ्या आयकराच्या ८०ईईबी कलमाची वेळही टळून गेली होती. त्यासाठी कर्ज ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर व्हायला हवं होतं. त्याचं कर्ज त्या दिवशी विचाराधीन होतं, म्हणजे त्याच्याच.

अभ्यासाला २०२५ सारखं दुसरं वर्ष नाही. १० मार्चच्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला, आणि साडेआठ लाखांची टियागो बघून ठेवलेल्या माणसाने बुकिंग थांबवलं. थांबण्यात किंमत बघायची नसते. २६ मार्चला मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत हा कर मागे घेत असल्याचं सांगितलं. ३० मार्चला पाडवा, ३१ ला जुन्या धोरणाची मुदत संपणार. एवढ्या धामधुमीत घेतो कोण? नवं धोरण येऊ दे. मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं २९ एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी! पण मंजुरी म्हणजे शासन निर्णय नव्हे, आणि शासन निर्णय म्हणजे अंमलबजावणी नव्हे. हा भेद ज्याला कळला त्याला मोटारीची गरज उरत नाही.

मग १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीच्या फेररचनेची दिवाळी भेट जाहीर झाली. पुन्हा थांबणं आलं. नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. आदल्या दिवशी सर्वपित्री, आणि त्या दिवशी घटस्थापना. कालनिर्णय मंत्रालयातही लागतं आणि दिल्लीतही, असं मला तेव्हापासून वाटू लागलं आहे. छोट्या पेट्रोल गाड्या अठ्ठावीस टक्के अधिक उपकर यावरून अठरावर आल्या. विजेची गाडी १ ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्क्यांवर होती, ती पाचवरच राहिली.

बाहेरच्या देशांत काय, हेही लोक विचारतील. उत्तर तयार ठेवावं. जर्मनीने १६ डिसेंबर २०२३ ला, शनिवारी, सांगितलं की अनुदानाचे अर्ज रविवारी रात्री बंद. आपल्याकडे रविवारी रात्री सर्व्हर सोडून काही बंद होत नाही.

एक माहिती मात्र घरात कळू देऊ नये. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला राज्यात अकरा टक्के रोड टॅक्स आहे; विजेच्या गाडीला तो जुन्या धोरणात माफ होता, नव्यातही माफ आहे. म्हणजे मोठी सवलत सगळा वेळ दारातच उभी होती. हे कळलं की कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसतं. पालघर ते एमआयडीसी रोजची ये-जा, मधूनच मनोर किंवा डहाणू, महिन्याला हजार किलोमीटर धरा. पेट्रोलचे जवळजवळ सात हजार, विजेचे ढोबळमानाने दीड-दोन हजार. लाखाच्या सवलतीसाठी वीस महिने थांबलात, तर तो लाख पंपावर भरून झालेला असतो. अशा वेळी विषय टोलकडे न्यावा.

टोलचं प्रकरण सुरेख आहे. अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीही माफीच्या यादीत. आता बोईसरहून निघा. टँकरच्या मागे मागे चिल्हार फाटा गाठा, महामार्गाला लागा, खानिवड्याला फास्टॅगमधून पैसे जातात. गुजरातकडे वळलात तर चारोटीला जातात. महामार्ग केंद्राचा, माफी राज्याची. सवलत पुरेपूर वसूल करायची तर सासुरवाडी उरणला नाहीतर मेहकरला हवी. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

हे सगळं पार करूनही कोणी गाडी घ्यायच्या टोकाला आलाच, तर शेवटचा उपाय सोसायटी. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून पंधरा अँपिअरचं सॉकेट बसवायची परवानगी मागावी. कमिटीत तळमजल्यावरचे काका विचारतात, ‘‘अहो, रात्री बॅटरी फुटली तर?’’ एका बाजूला १९६९ पासूनचं अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला रसायनांची एमआयडीसी, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे खिडक्या लावून घेणारी माणसं. आणि भीती कशाची, तर पार्किंगमधल्या मोटारीची. यावर कोणी हसत नाही. तेवढ्यात वीज जाते, मोबाइलच्या उजेडात विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलला जातो, आणि सचिव इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहितो.

बिघडलं काहीच नाही. नव्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. तोवर जुन्या गाडीची पीयूसी तेवढी वेळेवर काढून घ्यावी.