मोशीला जाणाऱ्या मास्तरांसाठी उपयुक्त सूचना

टांझानियात फुकट शिकवायला जायचं असेल तर सुरुवात पैसे भरण्यापासून करावी. विमानाचं तिकीट, विमा, पाठवणाऱ्या संस्थेची फी, राहण्या-जेवणाचा खर्च आणि स्वयंसेवकाला लागणारा ‘सी’ वर्गाचा परवाना, एवढं झालं की आपण विनामूल्य सेवेला पात्र ठरतो. नातेवाइकांना सांगताना ‘सेवा’ हा शब्द ठेवावा आणि आकडा गाळावा. मी तसंच केलं. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत 37 वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो आणि किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशी गावाजवळच्या एका शाळेत तीन महिने राहून आलो. मागून येणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून हे टिपण.

सामानात भेटवस्तू न्यायच्याच असतील तर त्या कपाटात नीट बसतील अशा मापाच्या निवडाव्यात. मी चाळीस कंपासपेट्या नेल्या होत्या. मुख्याध्यापकांनी दोन्ही हातांनी स्वीकारल्या, आभार मानले आणि एक कपाट उघडलं. आत आधीच्या सेवाभावी मंडळींचा एक पृथ्वीगोल, इंग्रजी मुळाक्षरांचे तक्ते आणि प्लॅस्टिकच्या उडत्या तबकड्यांची चळत होती. वर्गात मुलं 70, पेट्या 40. कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही, याचा विचार मी साताऱ्यात केला नव्हता. मी गणिताचा मास्तर आहे, हे पुन्हा सांगतो.

घड्याळ मात्र न्यावं, पण त्यावर विश्वास ठेवू नये. स्वाहिली माणूस तास सूर्योदयापासून मोजतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. विषुववृत्त जवळ असल्यानं दिवस-रात्र बाराही महिने जवळपास सारखी, त्यामुळे हिशेब चोख बसतो. खरं तर आपल्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात, तेव्हा मला हे पहिल्या झटक्यात कळायला हवं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, “उद्या सा म्बिली.” सा म्हणजे तास, म्बिली म्हणजे दोन, एवढं मी विमानात पाठ केलेलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ठीक दोन वाजता हजर झालो, तेव्हा शाळा सुटायच्या बेतात होती. सत्तर मुलं सकाळी आठपासून माझी वाट पाहून दमली होती. मुख्याध्यापक “पोले, पोले” म्हणाले. पोले म्हणजे ‘वाईट वाटलं हो’. चूक माझी, वाईट त्यांना वाटलेलं. या शब्दाची सवय करून घ्यावी, तीन महिन्यांत तो शेकडो वेळा ऐकू येतो.

भाषेबद्दल मराठी माणसानं विशेष सावध राहावं, कारण ती ओळखीची वाटते. दुकानाला दुका, कलमाला कलामू, साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबू आणि लाखाला चक्क लाकी! इतकी जवळीक दिसली की माणूस सैलावतो आणि नात्यांवर येऊन आपटतो. काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण. मामा म्हणजे आई. मी डालाडालात, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, दारात लोंबकळणाऱ्या दणकट कंडक्टरला “ओ दादा, जरा थांबवा” म्हणालो. अख्खी गाडी हसली. बाजारातल्या भाजीवालीला ‘मामा’ म्हणायला जीभ रेटेना. रेटली, तेव्हा तिनं दोन टोमॅटो वर घातले.

वयाचा मान मोठा आहे. लहानानं मोठ्याला “शिकामो” म्हणायचं, मोठ्यानं “माराहाबा” म्हणून तो नमस्कार घ्यायचा. शिकामोचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरतो’ असा सांगतात. आपल्याला हे जड जाऊ नये. दिवसभर पोरांचे शिकामो घेऊन हात आशीर्वादाला चटावतो, आणि फाटकावर ऐंशीच्या घरातले राखणदार बाबा उभे असताना आपण आधीच माराहाबा म्हणून मोकळे होतो. झाल्यावर काय करावं? फाटक बदलावं. मी आठवडाभर मागच्या कुंपणातून ये-जा केली.

शाकाहारी माणसानं ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य पाठ करू नये, कारण ते समजतं. मी माळकरी. स्वयंपाकवाल्या बाईंना “न्यामा नको” असं नीट सांगितलं. त्यांनी मान डोलावली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे उगाली, वाढली आणि वर वाळवलेले चिमुकले मासे पेरले. न्यामा म्हणजे मांस, मासे वेगळे. त्या माशांचं नावही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं: दगा. मराठी माणसाला याहून स्पष्ट इशारा कोण देणार? पुढे महारागेवर भागलं. महारागे म्हणजे आपला घेवडा, आणि मी वाघ्या घेवड्याच्या कोरेगावचा. नशीब इतक्या लांब येऊनही गावच्याच ताटावर बसवतं. मधल्या सुट्टीत विटुंबुआ मिळतात, ते तांदूळ-नारळाचे गोड आप्पेच. त्यासाठी संस्थेची फी वसूल झाली असं धरावं.

आता शिकवणं. (सूचनांत हे फार खाली आलं, पण दिवसातही ते तेवढंच असतं.) शिक्षकाला तिथे म्वालिमू म्हणतात. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मुळात शिक्षक. देश त्यांना आजही म्वालिमूच म्हणतो. ती पदवी आपल्याला पहिल्याच सकाळी मिळते, तेव्हा छाती किती फुगवायची ते आधी ठरवावं. सात वर्षांची प्राथमिक शाळा स्वाहिलीत, आणि माध्यमिक सुरू झालं की सगळं एकदम इंग्रजीत. त्यातून 2016 पासून माध्यमिकची फीही गेली, बाकं भरली. मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्या पोराचा चेहरा ज्यानं पाहिला आहे त्याला हा वर्ग अनोळखी नाही: कालपर्यंत पाठ असलेला त्रिकोण आज परक्या नावानं फळ्यावर उभा. त्यात माझं इंग्रजी सातारी. “समजलं?” विचारलं की सत्तर गळ्यांतून होकार येई. हा होकार मी 37 वर्षं ऐकत आलो आहे. त्याचा समजण्याशी संबंध नसतो. एकदा बोटांवर हिशेब करून घेताना तोंडून मराठीत “मोजा!” निघालं. मोजा म्हणजे स्वाहिलीत एक. सत्तर मुलांनी एकेक बोट वर केलं. तीन महिन्यांतला माझा सर्वांत यशस्वी तास तो.

आपला तास संपल्यावर वर्गाबाहेर रेंगाळू नये. तिसऱ्या आठवड्यात मी चष्मा विसरलो म्हणून परत फिरलो. वर्गाचा नेहमीचा शिक्षक, तिशीतला पोरगा, मी लिहिलेला फळा न पुसता तेच उदाहरण स्वाहिलीत पहिल्यापासून सांगत होता. मुलं प्रश्न विचारत होती, भांडत होती. मी आल्यापासून हे रोज चाललं होतं. माझ्यामुळे त्याचा एक तास वाढला होता आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. चष्म्याशिवाय घरी गेलो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वह्या तपासायला घेतल्या. आकड्यांना उच्चार नसतो.

फोटो काढावेत, पण डोंगराचे. 5,895 मीटरचा किलिमांजारो पहाटे दिसतो, मग ढगात जातो आणि कुणालाही पोझ देत नाही. मुलांना कडेवर घेऊन काढू नयेत; माध्यमिकची मुलं कडेवर मावत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना बसची वेळ विचारली. “सा मोजा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून थांबले, कागद घेतला, त्यावर मोठा 7 काढला, त्याभोवती दोनदा गोल केला आणि तरी भरवसा वाटेना म्हणून शेजारी उगवता सूर्य काढून दिला.