पिवळी छत्री आणि ३० डोकी

डब्लिनला मार्च लागला की पावसाबरोबर इटलीतल्या शाळाही येतात. पोरांनी आठवडाभर आयरिश घरात राहायचं, सकाळी इंग्रजीचे वर्ग, दुपारी भटकंती. भाषा आणि संस्कृती एकाच तिकिटात. या फौजेपुढे एक पिवळी छत्री चालते. छत्रीखाली असते ती प्रोफ.

इटलीत हायस्कूलच्या बाईंनाही 'प्रोफेसोरेस्सा' म्हणतात. पोरं त्याचं 'प्रोफ' करतात आणि दिवसभर तोच जप चालतो. "प्रोफ, चार्जर!" "प्रोफ, भूक!" बाई शिकवतात इंग्रजी, पण सहलीत त्यांचा विषय गणित. १५ मुलांमागे एक शिक्षक हा तिकडचा जुना दंडक, म्हणून ३० मुलांमागे दोघं. दुसरे पी.टी.चे सर. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. ते येतात कारण कुठल्याही सहलीला नाही म्हणायची त्यांना सवय नाही. तेव्हा डोकी मोजायची प्रोफनेच. बसमध्ये चढताना ३०, उतरताना ३०, संग्रहालयाच्या दारात २९. मग छत्री थरथरते, मागची रांग थांबते, आणि तिसावा मुलगा हात पुसत शौचालयातून बाहेर येतो. दर वेळी तोच.

माझ्या शेजारणीकडे यातली दोन पोरं उतरतात. पहिल्या संध्याकाळी प्रोफ फाइल घेऊन दारात हजर. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाची आई दिवसातून किती वेळा फोन करते, सगळं त्यात. (लोकरी बनियन घातलं का, हा प्रश्न तिकडच्या आयाही विचारतात.) व्याकरणाला टाचणी लावायला जागा नाही अशा इंग्रजीत तिने पाच मिनिटं काळजी मांडली. शेजारीण म्हणाली, "शुअर, इट्ल बी ग्रँड." म्हणजे, होईल सगळं ठीक. प्रोफ बुचकळ्यात पडली. ग्रँड म्हणजे भव्य. बनियनमध्ये भव्य काय?

तिचा नियम एकच: सहलीत इटालियन बोलायचं नाही. शब्दाला १ युरो दंड, तो बिस्किटाच्या डब्यात. नियम कडक, कारण पोरं घोळक्याने फिरतात आणि घोळक्यात इंग्रजी बोलणं म्हणजे घरात बूट घालून झोपणं.

नॉर्थ अर्ल स्ट्रीटवर जेम्स जॉइसचा पुतळा आहे. तिथे प्रोफ भिजत का होईना, पण खुलते. १९०५ पासून जॉइस ट्रिएस्टेत बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवायचा, 'डब्लिनर्स'मधल्या बऱ्याच कथा त्याने तिथेच लिहिल्या, त्याची मुलं घरात इटालियन बोलायची, हे सगळं ती एका दमात सांगते. शौचालयवाला मुलगा हात वर करतो. "प्रोफ, तो इंग्रजी शिकवायला आमच्याकडे यायचा, मग आपण इथे कशाला आलो?" प्रोफने घड्याळाकडे पाहिलं आणि डोकी मोजायला घेतली.

शेवटच्या संध्याकाळी पाऊस आडवा झाला आणि सगळे कोपऱ्यावरच्या 'चिपर'मध्ये घुसले. मी रांगेतच होतो. तळलेला मासा, बटाट्याचे काप, व्हिनेगर. याहून आयरिश काय असणार? पण इथली बरीच चिपर-घराणी मूळची इटलीतल्या लाझिओ भागातल्या कासालात्तिको या डोंगरी गावची. जुने डब्लिनकर मासा-बटाट्याच्या पुडीला 'वन अँड वन' म्हणतात. एका इटालियन बाईच्या 'उनो दि क्वेस्ता, उनो दि क्वेल्ला' म्हणजे 'यातलं एक, त्यातलं एक' या विचारण्यातून ते आलं, असं सांगतात.

गल्ल्यावरच्या आजोबांनी छत्री पाहिली, गलका ऐकला आणि गावाकडच्या बोलीत विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?"

आठवडाभर दाबून ठेवलेलं इटालियन प्रोफच्या तोंडून धबधब्यासारखं सुटलं. गाव, शाळा, पाऊस, इथली कॉफी, सगळं हातवाऱ्यांसकट. पी.टी.चे सरही आठवड्यात पहिल्यांदा बोलले. पोरं पुड्या हातात धरून शांतपणे शब्द मोजत होती. १८६ युरोपर्यंत मी थांबलो, मग माझा मासा आला. बिस्किटाचा डबा पुढे सरकवून पोरं भांडत होती ती यावरून की आजोबांच्या बोलीतले शब्द प्रोफने परत उच्चारले, ते धरायचे की नाहीत.

भांडण इंग्रजीत चाललं होतं.